काच धरलीय?

“धरलीय?” मी विचारलं.

“धरलीय,” भाऊजी म्हणाले.

आमचं दिवसभरातलं बोलणं एवढंच. तेवढंही झालं नसतं, पण सात फुटी आरसा मांडणीतून काढायला दोन माणसं लागतात. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं आणि उत्तर कानावर आल्याशिवाय काच हलवायची नाही, असा या कामातला नियम. माणसाला बापाशी अबोला धरता येतो, बायकोशी धरता येतो, पण काचेच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाशी धरता येत नाही. म्हणून नऊ वर्षं आम्ही हा एक शब्द तेवढा एकमेकांशी बोलत होतो. बाकीचं सगळं मालकामार्फत, नाहीतर भिंतीला ऐकवून.

भाऊजी म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा. मला या कामाला त्यांनीच लावलं आणि काच कशी धरायची तेही त्यांनीच शिकवलं. तेव्हा मला ‘अरे गाढवा’ म्हणायचे. बिनसल्यावर ‘अहो’ म्हणायला लागले. आपल्या माणसाने शिव्या सोडून मान द्यायला सुरुवात केली की समजावं, घराचं दार बंद झालं.

तर तो आरसा आम्ही कापायच्या टेबलावर आडवा केला. टेबलावर जाड लोकरी कापड अंथरलेलं असतं. भाऊजींनी कटर रॉकेलमध्ये बुडवला, मी पट्टी दाबून धरली आणि त्यांनी एका दमात रेघ ओढली. रेघ एकदाच मारायची असते. दुसऱ्यांदा मारली तर काच कुठून तडकेल ते ब्रह्मदेवाचा बापही सांगू शकत नाही. त्यांच्यासारखी रेघ आमच्या दुकानात कोणालाच जमत नव्हती. मला तर नाहीच नाही, कारण माझ्या डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. हे मी कबूल करतो, पण दातओठ खाऊन करतो.

कडा घासायचं मशीन बंद असलं की त्यांच्या छातीतून आवाज यायचा. टिक, टिक, टिक. सव्वा वर्षापूर्वी त्यांच्या हृदयाची एक झडप बदलली होती. मूळची झडप चुना धरून कडक झाली होती म्हणे, म्हणून छाती उभी उघडून आत धातूची बसवली. ती उघडमीट करताना वाजते. आमच्याकडे काचेच्या कडा घासणारा एक आहे, त्याला सगळे पॉलिशवाला म्हणतात. तो म्हणायचा, बरं झालं, आता दुकानात घड्याळ नको. मला मात्र त्या आवाजाने डोकं उठायचं. हा माणूस तोंडाने नऊ वर्षं गप्प आणि छातीतून मला सारखं काहीतरी सुनावतोय, असं वाटायचं.

ऑपरेशन निभावलं, पण पुढचं काहीच धड झालं नाही. आधी टाक्यांत पू झाला. मग हृदयाभोवती पाणी साचलं, ते काढायला पुन्हा दहा दिवस दवाखाना. मग ठोके वेडेवाकडे पडायला लागले. आणि या सगळ्यावर कडी केली त्या गोळीने. धातूची झडप रक्ताला परकी वाटते आणि रक्त तिच्यावर गोठून बसतं, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, मरेपर्यंत. दर महिन्याला रक्त तपासायचं. पातळ कमी झालं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या कठड्यावरून जन्मभर चालायचं. एकदा सकाळी त्यांचा घोळणा फुटला तो चार तास वाहत होता. टेबलाचा कोपरा लागला तर मांडी जांभळी व्हायची. डॉक्टरांनी बजावलं होतं की धारदार वस्तूंपासून लांब राहा. काच कापणाऱ्याने काचेपासून लांब राहायचं म्हणजे माशाने पाण्यापासून लांब राहायचं. चार महिन्यांत ते टेबलावर परत आले.

त्या दिवशी रेघेवरून काचेची पट्टी मोडताना कड त्यांच्या अंगठ्याला लागली. एवढंसं. दुसरा कोणी असता तर अंगठा तोंडात घालून पुढच्या कामाला लागला असता. यांचं रक्त पाऊण तास थांबेना. कापूस झाला, फडकं झालं, टेबलावरच्या कापडावर डाग पडला, आणि वाईट म्हणजे रक्त काचेच्या कडेने आत झिरपून आरशाच्या पाठच्या लेपात शिरलं. एकदा लेपात काही शिरलं की ते पुसता येत नाही. आरशाच्या खालच्या कोपऱ्यात बोटभर लाल रेघ दिसायला लागली. नेमका तो आरसा ज्याचा, तो सलूनवाला तेवढ्यात बघायला आला. त्याने रेघ बघितली, भाऊजींचा हात बघितला आणि म्हणाला की हा मला नको, गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरताना समोर हे दिसायला नको.

माझ्यासारख्याला एवढं निमित्त पुरतं. मी मालकाच्या टेबलापाशी गेलो आणि हळू बोललो नाही. म्हटलं, ज्याचं रक्त थांबत नाही त्याला काचेवर ठेवायचं की घरी, ते तुम्हीच ठरवा. आज आरसा गेला, उद्या माणूस जाईल आणि पोलीस तुमच्या दारात येतील. आमचे मालक म्हणजे ‘बघू’ या शब्दाला फुटलेले हातपाय, पण पोलीस म्हटल्यावर तेही हलले. त्यांनी भाऊजींना बोलावून सांगितलं, पुन्हा काचेवर रक्त दिसलं तर टेबल सोडायचं आणि बाहेर काउंटरवर बसायचं. भाऊजींनी मान हलवली. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता खरं सांगतो, मला त्यांच्या जिवाची काळजी वगैरे काही नव्हती. मला ते डोळ्यांसमोर नको होते.

पुढच्या आठवड्यात नाचाच्या क्लासची मोठी ऑर्डर आली. पहिल्या मजल्यावरचा हॉल, एका भिंतीला आठ आरसे, सात बाय चारचे. रोज कापणं, रोज घासणं. मी टपून बसलो होतो, आता रक्त दिसेल, मग दिसेल. एक दिवस माझ्यासमोर त्यांच्या बोटाला कड लागली. दोन थेंब आले. त्यांनी बोट पँटला पुसलं आणि रेघ ओढली. संपलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. पॉलिशवाला म्हणाला, सोड्या बरा झाला वाटतं.

सोड्या म्हणजे भाऊजी. बाजारातल्या सगळ्या काचवाल्यांत त्यांचं हेच नाव पडलं होतं. नऊ वर्षांपूर्वी एका चपलांच्या दुकानाची मोठी काच आम्ही दोघं बसवत होतो. भाऊजींनी न सांगता टोक सोडलं, काच माझ्या हातावर आली आणि दोन बोटांच्या शिरा तुटल्या. काच हातात असताना न सांगता सोडणं म्हणजे या धंद्यात खून केल्यासारखं. त्यानंतर दुसऱ्या दुकानातला कोणी माणूस त्यांच्याबरोबर काच उचलायला तयार होईना. लोक त्यांच्या तोंडावर हसून म्हणायचे, सोड्या, आज किती सोडल्या? ते ऐकून घ्यायचे. ही हकिगत सगळ्या बाजाराला पाठ आहे, कारण ती मी सांगितलेली आहे.

असो. आरसे भिंतीला बसवायचे स्क्रू भाऊजींच्या टेबलाखाली एका पत्र्याच्या डब्यात असतात. ते बाहेर गेले होते म्हणून मी डबा उघडला. स्क्रू ओंजळीत घेतले तर बरोबर काहीतरी हलकं आलं. गोळ्या. बारक्या, गोल, मधोमध चीर असलेल्या. मी डबा पालथा केला आणि मोजल्या. अकरा होत्या.

माझ्या लगेच लक्षात आलं. ताई रोज एक गोळी कागदाच्या पुडीत बांधून त्यांच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात ठेवायची. ते जेवण झालं की सगळ्यांसमोर पुडी उघडायचे, हात तोंडाशी न्यायचे, वर पाणी प्यायचे. अकरा दिवस गोळी मुठीत आणि पाणी पोटात. बरोबर आहे, रक्त काचेवर नको ना? मग ते घट्टच होऊ दे. कापणाऱ्या माणसाचा हा हिशेब. डॉक्टरला सात जन्मांत सुचला नसता.

दुकानामागे फुटक्या काचांचं पिंप आहे, तिथे मी त्यांना गाठलं, नऊ वर्षांचा अबोला मोडला आणि डबा पुढे केला.

“हे काय आहे?”

“स्क्रू.”

“मी गोळ्यांचं विचारतोय.”

“तुम्हाला काचेवर रक्त नको होतं. आता येत नाही.”

“जीव द्यायचाय का?”

“हे आठ आरसे लागू द्या. मग घेईन.” त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि झाकण लावलं. “टेबल सोडून मी काउंटरवर बसणार नाही. तिथे बसून लोकांचं बोलणं ऐकायचं, त्यापेक्षा हे बरं.”

“मी ताईला सांगेन.”

तेव्हा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. “सांगा की,” ते म्हणाले. “तुम्ही सांगितलेलं लोकांना लगेच पटतं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण टोमणा बरोबर जागी लागला होता.

काच मी सोडली होती. त्या दिवशी शर्टाच्या खिशात माझा फोन वाजला आणि मी एक हात काढला. फोन कोणाचा होता हेही आता आठवत नाही, एवढा तो महत्त्वाचा. काच फिरली आणि माझ्याच हातावर आली. दवाखान्यात ताई धावत आली, काय झालं म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, भाऊजींनी सोडली. भाऊजी तिथेच उभे होते. शर्टाला माझं रक्त लागलेलं. मला वाटलं, आता हे बोलतील. ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलतील, वाटलं. तेव्हाही नाही. मग माझं खोटं घट्ट होत गेलं आणि मी चार ठिकाणी तिखटमीठ लावून सांगत सुटलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मला विचारा. खोटं बोलणाऱ्याला राग फार येतो, आणि जो खरं माहीत असून गप्प बसतो, त्याचा सगळ्यात जास्त येतो.

म्हणून मी ताईला सांगितलं नाही. मनात म्हटलं, मरायचं तर मरू दे, आपल्या कर्माने जाईल. हे शब्द मी मनात असेच्या असे म्हटले आहेत, आता मऊ करून सांगत नाही. अबोला भाऊजींशी होता, ताईकडे जाणंयेणं चालूच होतं; त्या सहा दिवसांत मी तिच्याकडे दोनदा जेवलो. तिने माझ्यासमोर पुडी बांधली आणि झाकणात ठेवली. मी मूग गिळून पानातलं गिळत राहिलो.

पाचव्या दिवशी एक गोष्ट जाणवली. मशीन बंद होतं आणि टिकटिक येत नव्हती. येत होती, पण उशीखाली घड्याळ ठेवल्यासारखी. मला वाटलं, सुटलो.

सहाव्या दिवशी दुपारी आम्ही आठवा आरसा घेऊन नाचाच्या हॉलवर गेलो. सात लागले होते. जिना अरुंद, आणि मधल्या वळणावर आरसा आडवा वळत नाही, तो उभा करावा लागतो. वरच्या पायरीवर एकाने पाठीमागून धरायचा, खालच्याने पुढून, मग कलता करून पुढचा जिना चढायचा. भाऊजी वर होते, मी खाली. म्हणजे त्यांच्याकडे आरशाची करडी पाठ आणि माझ्याकडे आरसा. मला त्यात मीच दिसत होतो. घामाघूम, कपाळाला आठ्या. आणि दोन्ही कडांवर त्यांची बोटं दिसत होती, कापडाच्या घड्यांवर आवळलेली, चार इकडे, चार तिकडे.

“धरलीय?” मी विचारलं.

उत्तर नाही.

“धरलीय का?”

उत्तर नाही. मी चिडलो. म्हटलं, आता हाही शब्द बंद केला का, काय रोग आलाय, तोंड उघडा की. समोर आरशात माझंच तोंड शिव्या देत होतं. मग त्यांच्या उजव्या हाताची बोटं कडेवरून सुटायला लागली. आधी करंगळी, मग तिच्याशेजारचं. एकदम नाही, सावकाश, झोपी गेलेल्याच्या हातातून वस्तू सुटते तशी. कापडाची घडी खाली पडली. आरसा माझ्याकडे कलला. चाळीस किलोचा ऐवज, मी खाली, पाठीमागे अकरा पायऱ्या आणि माझा डावा हात असा. नियम आहे की काच सुटायला लागली की तिला वाचवायला जायचं नाही, हात वर करून बाजूला व्हायचं. त्या जिन्यात बाजूला व्हायला बाजूच नव्हती.

आणि मग आरसा मागे गेला. माझ्यापासून लांब, वरच्या बाजूला. डाव्या हाताची चार बोटं कडेवर तशीच होती. भाऊजींनी एका हाताने तो आरसा स्वतःच्या अंगावर ओढून घेतला आणि त्याच्यासकट पायरीवर बसले. आरसा त्यांच्या छातीवर टेकला आणि थांबला. त्याला चीरसुद्धा गेली नाही.

मी ओरडल्यावर नाचाच्या मास्तरीणबाई आणि त्यांच्याकडचे दोघंतिघं धावत आले. आरसा बाजूला करायचा तर डावा हात सुटेना. मी त्यांची बोटं एकेक करून उकलली. कापडाची घडी सरकून तळहात आडवा कापला गेला होता, चांगला खोल. रक्त आलं होतं, पण थोडंच, आणि मी बघेपर्यंत ते थांबलंही होतं. त्यांना हवं होतं तसंच झालं होतं. तोंडाची उजवी बाजू ओघळली होती. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

दवाखान्यात तातडीच्या विभागातल्या डॉक्टरीण बाईंनी ताईला भराभर विचारलं. झडप कधी बसवली, गोळी कोणती, नियमित घेतात का. ताई म्हणाली, एक दिवसही चुकत नाही, मी माझ्या हाताने पुडी बांधून देते. डॉक्टरीण बाईंनी कपाळाला हात लावला. मेंदूत गुठळी अडकलेली दिसतेय, ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण रक्त पातळ असताना दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस हातचा जाईल, असं त्यांनी सांगितलं. ताई भिंतीला धरून उभी होती.

आपलं झाकून ठेवायची सवय हाडीमाशी खिळलेली असते. तरी बोललो.

“सतरा दिवस गोळी घेतलेली नाही त्यांनी.”

“तुम्हाला कसं माहीत?” डॉक्टरीण बाईंनी विचारलं.

“सहा दिवसांपूर्वी मी मोजल्या. तेव्हा अकरा होत्या.”

त्यांनी बोटातून रक्त घेऊन तिथल्या तिथे तपासलं आणि इंजेक्शन दिलं. झडपेवरही गुठळी बसलीय, एक पाकळी उघडतच नाहीये, असं नंतर कळलं. खरं तर पुन्हा छाती उघडायला हवी, पण हे शरीर ते सोसणार नाही म्हणाले. तेव्हा सलाइनमधून औषधावर ठेवलं आणि वाट बघा म्हणून सांगितलं.

ताई माझ्याजवळ आली ती हे सगळं पार पडल्यावर. मला वाटलं, थोबाडीत देईल. मी गाल पुढे करूनच उभा होतो म्हणा ना.

“सहा दिवसांत माझ्याकडे दोनदा जेवलास,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा तर मागून घेतलंस.”

एवढं बोलून ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मी नऊ वर्षं शिव्या खायची तयारी ठेवून जगलो होतो. या वाक्याची तयारी नव्हती.

चौथ्या दिवशी भाऊजींनी तोंड उघडलं. सकाळची तपासणी चालू होती. डॉक्टरीण बाईंनी त्यांच्यावर वाकून मोठ्याने विचारलं, तुमचं नाव काय? त्यांचे ओठ हलले. गळ्याची शीर ताठ झाली. मग शब्द आला, जड, अर्धा गिळलेला.

“धरलीय.”

डॉक्टरीण बाईंनी ताईकडे बोट दाखवून विचारलं, या कोण?

“धरलीय.”

आता दिवस आहे की रात्र?

“धरलीय,” भाऊजी म्हणाले, आणि या वेळी त्यांनी मान वळवून मला शोधलं.

डॉक्टरीण बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की भाषेच्या जागेला मार बसलाय, कधी कधी एखादाच शब्द उरतो आणि त्याला अर्थ असतोच असं नाही. ताईने विचारलं, हे काय म्हणतात? काय धरलंय? त्या खोलीत ते मला एकट्याला माहीत होतं. जिन्यात मी दोनदा विचारलं होतं. ते त्याचं उत्तर देत होते. चार दिवस लागले त्यांना ते तोंडापर्यंत आणायला.

मी पलंगाच्या पायथ्याची कांब धरली आणि ताईला सांगितलं. आधी जिन्यातलं, मग नऊ वर्षांपूर्वीचं. फोन, खिसा, हात, सगळं. भाऊजी ऐकत होते. मला रडू आलं आणि त्याचाही रागच आला, कारण रडून स्वस्तात सुटल्यासारखं वाटतं.

ताईने त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. “मला माहीत आहे,” ती म्हणाली. “त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, हात गेलाय त्याचा, आता लबाड म्हणून नाव तरी कशाला घालवायचं. म्हणाले, येईल आपण होऊन.”

“मग तू तरी मला बोलायचंस.”

“मी वाट बघत होते,” ताई म्हणाली. “आता नाही बघत. तू येऊ नकोस इथे.”

मी पुन्हा तिथे गेलो नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मशीन बंद करायला लावलं आणि मालक, पॉलिशवाला, माल घ्यायला आलेले दोन परके काचवाले, सगळ्यांसमोर सांगितलं. मालक ‘बघू’ म्हणाले, काय बघणार होते कोण जाणे. आठवड्याच्या आत बाजारभर झालं. आता सोड्या मला म्हणतात. पॉलिशवाला काच उचलायच्या आधी मला तीनतीनदा विचारतो आणि तरी माझ्या दोन्ही हातांवर नजर ठेवतो. म्हणू दे. बघू दे.

भाऊजी अडीच महिन्यांनी दुकानात आले. उजवा हात लोंबता, पाय ओढत. कोणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसेनात, म्हणून मालकांनी टेबलाजवळ एक खुर्ची टाकली. काउंटरवर नाही, टेबलाजवळ. त्यांच्याकडे शब्द तोच एक आहे. चहा हवा तरी तोच, नको तरी तोच. माझ्याशी मात्र तोही शब्द ते पुन्हा बोलले नाहीत. दुपारी ताई स्वतः चालत येते, गोळी त्यांच्या जिभेवर ठेवते, पाणी पाजते आणि तोंड उघडायला लावून बघते. मी चार हातांवर उभा असतो. एकदा तिला ताप होता तरी आली. गोळी माझ्या हातात ती देत नाही.

कापायचं काम आता माझ्याकडे आहे. मला हवं होतं ना टेबल? मिळालं. पट्टी दाबायला माझी दोन बोटं कामाला येत नाहीत, रेघ वाकडी जाते, महिन्यातून दोनतीन काचा वाया जातात. भाऊजी खुर्चीतून बघतात. त्यांची टिकटिक परत आली आहे, पहिल्यापेक्षा बारीक. मशीन बंद झालं की मी आधी कान देतो.

गेल्या आठवड्यात एक मोठा आरसा कापताना पट्टी निसटली आणि माझा हात कडेवर आपटला. भळाभळा रक्त आलं आणि आरशावर सांडलं. मी हात दाबून उभा राहिलो, दुसऱ्या हाताने फडकं शोधायला लागलो. रक्त कडेकडे ओघळत चाललं होतं. बाहेरून मालकांचा आवाज येत होता, ते कोणाला तरी माल दाखवायला आत आणत होते.

भाऊजी खुर्चीतून उठले. उठायला त्यांना वेळ लागतो. पाय ओढत टेबलापर्यंत आले, डाव्या हाताने गळ्यातला पंचा काढला आणि कडेपर्यंत पोचायच्या आत रक्त पुसून घेतलं. एकदा ओलं, एकदा कोरडं, कडेपासून आतल्या बाजूला, मला शिकवलं होतं तसंच. वाकून कोपरा उजेडात बघितला. मग पंचा माझ्या हातावर टाकला आणि माझ्याकडे न बघता परत जाऊन खुर्चीत बसले.